हातच्या एकाची फितुरी

ज्यांनी चार आणि चार आठ ही विद्या बालपणी छड्या खाऊन मिळविली, आणि तीच विद्या उतारवयात दगा देईल ऐसे ज्यांस कोणी सांगितले नाही, त्या सर्व थोर पुरुषांस वंदन करून ही हकीकत लिहावयास घेतली असे. हकीकत खरी आहे. पाहणाऱ्यांनी सांगितली, ऐकणाऱ्यांनी वाढविली, आणि लिहिणाऱ्याने वाढविलेले तैसेच ठेविले. शके, संवत्सर, तिथी विचारू नये. कचेरीच्या भिंतीवरील कॅलेंडर तीन महिन्यांपूर्वीच्या पानावर थांबले होते, आणि ते पान उलटण्याचा अधिकार कोणाचा, याचा निकाल अद्याप लागला नव्हता.

त्या कचेरीत राजमान्य राजश्री शिक्केबहाद्दर, आवक-जावकेचे अखंड धनी, तीन शिक्के व दोन शाईगाद्यांचे सरंजामदार, एकतीस वर्षे एकाच खुर्चीवर विराजमान होते. शिक्केबहाद्दर हा किताब कचेरीने त्यांस पाठीमागून बहाल केला होता. तोंडावर अवघे त्यांस भाऊसाहेब म्हणत. त्यांचा करारी सिद्धांत ऐसा की, ज्या वस्तूस नाव नाही आणि आवक क्रमांक नाही ती वस्तू जगात नाही. टेबलावर टाचण्यांची डबी, तिजवर चिठ्ठी 'टाचण्या'. शेजारी रिकामी डबी, तिजवर चिठ्ठी 'रिकामी'. आणि त्यांचा दुसरा सिद्धांत, जो पुढे अवघ्या अनर्थास कारण जाहला, तो ऐसा की, दिलेली परवानगी तीन महिन्यांनी शिळी होते, सबब ती ताज्या शाईने पुन्हा द्यावी. मग ती कोणी काढून घेतली नसली तरी द्यावी, घेणाऱ्याने मागितली नसली तरी द्यावी, आणि तिची नोंद दोन प्रतींत करावी. या रिवाजापायी कचेरीत कामे होत नसत, परंतु ती का झाली नाहीत याचे कागद मात्र पक्के असत.

ऐशा समयी थोरले साहेब, जे त्या कचेरीचे मुख्य आणि स्वतःच्या मते आसपासच्या चार कचेऱ्यांचेही मुख्य, त्यांचे मनात आले की दारांस कुलुपे नकोत, कार्डे हवीत. मग पाच दारांस पाच यंत्रे बसली आणि प्रत्येक दारास एक आकडा मिळाला. मुख्य दरवाजास एक, बैठकीच्या दालनास दोन, स्वच्छतागृहास चार, साहेबांच्या खास कक्षास आठ, आणि झाडू-बादल्यांच्या खोलीस सोळा. ज्यास जी दारे उघडायची, त्या दारांच्या आकड्यांची मिळून एक संख्या त्याच्या कार्डावर चढे. कारकून मंडळींस सात, कारण त्यांस पहिली तीन दारे पुरत. साहेबांस पंधरा, कारण त्यांस झाडूची खोली सोडून सर्व हवे. सफाई करणाऱ्या मावशींस तेवीस, कारण त्यांस साहेबांचा कक्ष सोडून सर्व लागे. ऐशी त्रेचाळीस कार्डे जाहली, आणि ती सांभाळण्याची मनसब शिक्केबहाद्दरांस मिळाली.

मनसबीपूर्वी त्यांस प्रोग्रामिंगच्या प्राथमिक वर्गास दोन दिवस धाडले होते. पहिले दिवशी चहा बरा होता. दुसरे दिवशी बिटवाइज क्रिया म्हणोन प्रकरण निघाले. संख्येच्या पोटात शून्य आणि एक यांची रांग असते, आणि त्या रांगेतील एकेका घरावर वेगळे काम करता येते, ऐसे शिकवणाऱ्या बाई सांगत होत्या, तेव्हा यांचा डोळा लागला. जाग आली तो निनावी फंक्शन चालले होते. म्हणजे कामाचा एक लहानसा तुकडा, ज्यास नावच ठेवायचे नाही. जागच्या जागी लिहायचा, वापरायचा आणि विसरायचा. हे ऐकताच शिक्केबहाद्दर उभे राहिले आणि निषेध म्हणोन वर्गाबाहेर गेले. ते प्रमाणपत्र वाटण्याच्या वेळेस आत आले, आणि कचेरीत परतून त्या प्रमाणपत्रास आवक क्रमांक टाकून ते फायलीस लावले.

पुढे महिन्याचा पहिला सोमवार उजाडला, आणि मावशींच्या स्वच्छतागृहाच्या परवानगीस तीन महिने भरले. शिक्केबहाद्दरांनी चष्मा पुसून कार्डाचा आकडा काढिला, तेवीस, स्वच्छतागृहाचे चार पुन्हा द्यायचे म्हणोन त्यात चार मिळविले, सत्तावीस जाहले. बेरीज बोटांवर पडताळिली, मग कॅल्क्युलेटरवर पडताळिली, आणि मग कॅल्क्युलेटर चुकला नाही ना म्हणोन पुन्हा बोटांवर पडताळिली. सत्तावीस कायम होते. मग यंत्रात आकडा चढविला आणि कागदावर शिक्का मारिला.

आता यंत्र काही कचेरीत एकतीस वर्षे बसले नव्हते. त्याने सत्तावीस आपल्या रीतीने वाचिले: सोळा, आठ, दोन आणि एक. यात चार नाही आणि आठ आहे. सबब मावशींस स्वच्छतागृह बंद जाहले, आणि साहेबांचा खास कक्ष, जिथे साहेब माशीसही विचारल्याशिवाय बसू देत नसत, तो खुला जाहला.

मावशी बादली घेऊन स्वच्छतागृहापाशी गेल्या, तो यंत्रावर लाल दिवा. पुन्हा कार्ड लावले, पुन्हा लाल. मग त्या आवक-जावकेच्या टेबलापाशी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, ते दार मला आत घेईना झालंय. जरा बघता का?" त्यांस हुकूम जाहला की, तोंडी तक्रार या टेबलावर चालत नाही, दोन प्रतींत अर्ज करावा आणि अर्जास विषय लिहावा. मावशींस अर्ज लिहिण्यास फुरसत नव्हती, कारण फरशा पुसायच्या पडल्या होत्या. कार्ड जिवंत आहे की मेले हे तरी पाहावे म्हणोन त्यांनी जाता जाता वाटेतल्या एका दारास ते लावले, तो हिरवा दिवा लागला आणि दार उघडले. ते दार साहेबांचे. मावशींनी विचार केला की वरून काही नवे ठरले असेल, आपल्याला सांगतं कोण. आणि बादली आत नेली.

त्या कक्षात तीन वर्षे कोणाचा झाडू शिरला नव्हता. टेबलावर कागदांचा ढीग होता, ज्यातला कोणताही कागद साहेबांस कधी सापडत नसे, आणि याला साहेब स्वतःची पद्धत म्हणत. मावशींनी ढिगाचे चार नीट गठ्ठे केले, टेबल ओल्या फडक्याने पुसले, कोचाखालून साहेबांचा हरवलेला चष्मा काढिला आणि तो गठ्ठ्यावर ठेविला. मग दार ओढून घेऊन त्या घरी गेल्या.

मंगळवारी साहेबांची स्वारी दाखल जाहली आणि कक्षात पाऊल टाकताच ऐसा आकांत केला की दालनातील पंखे हलले असे कोणी म्हणतात, परंतु पंखे आधीपासून हलत होते. त्यांस टेबलाचा रंग प्रथमच दिसला होता. मावशींस बोलावणे गेले, शिक्केबहाद्दरांस बोलावणे गेले. कार्डावर आठ कसे चढले ऐसा सवाल जाहला, तेव्हा शिक्केबहाद्दर ताठ उभे राहोन वदले, "बेरीज बरोबर आहे, साहेब. मी तीनदा तपासली." मावशी म्हणाल्या, "मी काय केलं? दारच उघडलं." त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. बेरीज बरोबर, यंत्र नवे, साहेब तर साहेबच. तेव्हा खोट उरली ती मावशींच्या ठायी. मग फर्मान सुटले की, शनिवारी दोन प्रहरपर्यंत शिक्केबहाद्दरांनी प्रोग्राम लिहून पाचही दारांच्या याद्या काढाव्या, कोणते कार्ड कोणते दार उघडते ते दाखवावे, आणि फेरफार करणाराचे नाव शेवटी लिहावे. दुसरे कोणाचे नाव शाबीत न जाहल्यास मावशींनी फेरफार केला ऐसे समजून त्यांचे कार्ड जमा करावे आणि त्यांस कामावरून दूर करावे.

मावशींच्या एकटीच्या कामावर घर चालत होते. ही गोष्ट अवघ्या कचेरीस ठाऊक होती, आणि अवघी कचेरी फार वाईट वाटले ऐसे म्हणोन आपापल्या जागी जाऊन बसली. शिक्केबहाद्दर मात्र जागेवर जाऊन ते दोन आकडे पुन्हा मांडून बसले. तेवीस आणि सत्तावीस यांच्या मध्ये आपला हात सोडून दुसरा कोणाचा हात पडलेला नाही, हे ते जाणून होते. परंतु बेरीज बरोबर होती. त्यांनी त्या कागदास आवक क्रमांक टाकून तो फायलीस लावला.

आता प्रोग्राम लिहिणे आले, आणि प्रमाणपत्रास तर प्रोग्राम लिहिता येईना. शिक्केबहाद्दरांचे घरी एक सूनबाई होती, जी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून दिवसभर हीच कामे करी. तिच्या या उद्योगास शिक्केबहाद्दर चार पाहुण्यांत 'पेटीशी बोलणे' म्हणत. तिजकडे कुमक मागणे म्हणजे नाक मुठीत धरणे होते. सबब बुधवारी सकाळी त्यांनी चहाच्या कपाशी तीनदा खाकरले, आणि तो खाकर ऐकून त्यांच्या कुटुंबाने वकिली पत्करली. सूनबाईस त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्या सासऱ्यांचं काहीतरी अडलंय. ते काही विचारायचे नाहीत. तूच विचार." सूनबाईने लॅपटॉप मिटला आणि विचारले. येणेप्रमाणे तह न करताच फौज मिळाली.

पहिली लढाई सकाळी साडेआठ वाजता उभी राहिली. सूनबाईने कागदावर पाच घरे आखिली, घरांवर सोळा, आठ, चार, दोन, एक ऐसे लिहिले, आणि खाली मावशींचे तेवीस मांडून दाखविले: एक, शून्य, एक, एक, एक. शिक्केबहाद्दरांनी ते वाचिले, "दहा हजार एकशे अकरा," आणि कचेरीत इतकी दारे नाहीत ऐसा आक्षेप नोंदविला. सूनबाईने सांगितले की ही संख्या म्हणोन वाचायची नाही, पाच दिवे म्हणोन वाचायची. एक म्हणजे लागलेला, शून्य म्हणजे विझलेला. मग ती उठली आणि भिंतीवरील बटणांच्या फळीपाशी गेली. तिसरा दिवा लागलेलाच होता. ती म्हणाली, "बाबा, हा दिवा चालू आहे. आता मी म्हटलं, हा चालू असू दे. तर शेजारचा लागून हा विझेल का?"

शिक्केबहाद्दर म्हणाले, "दिवे वेगळे, आकडे वेगळे."

"तुमच्या यंत्रात आकडे नाहीतच बाबा, दिवेच आहेत. तुम्ही चार मिळवता तेव्हा दिवा लावत नाही, बेरीज करता. लावायचं असेल तर बेरजेच्या चिन्हाच्या जागी ही उभी रेघ द्यायची. रेघ म्हणते, यातला किंवा त्यातला, कुठलाही लागला असेल तर लागलेला ठेव. आधीच लागला असेल तर काहीच बदलत नाही."

काहीच बदलत नसेल तर मग परवानगी पुन्हा दिली याची नोंद कशी राहील, ऐसा शिक्केबहाद्दरांचा सवाल जाहला. ऐसा सवाल जगात दुसऱ्या कोणास सुचला असेल ऐसे वाटत नाही. चार आणि चार आठच होतात, रेघ ओढून ते चार राहत नाहीत, ऐसे ठणकावून, छत्री विसरून, शिक्केबहाद्दर कचेरीस निघून गेले. सूनबाईने तो कागद दुसरे दिवशी त्यांच्या डब्याच्या पिशवीत सरकवला.

गुरुवारी अनर्थ जाहला. त्या दिवशी खुद्द साहेबांच्या मुख्य दरवाजाच्या परवानगीस तीन महिने भरले. रिवाज तो रिवाज. साहेबांचे पंधरा, दरवाजाचा एक, मिळून सोळा. साहेब नुकतेच आत येऊन मग बाहेर चहास गेले होते, तेवढ्यात आकडा चढला. सोळा म्हणजे कोणते दार, हे वाचकांनी वर पाहावे. साहेबांस वर पाहण्याची सोय नव्हती. परत आले तो मुख्य दरवाजा लाल. दरवानाने आपल्या कार्डाने आत घेतले. दालन लाल. कोणी कारकुनाने उघडून दिले. खास कक्ष लाल, आणि तिथे कारकुनांचे कार्ड चालत नाही. साहेबांस बाहेरील चहा बाधला होता. ते लगबगीने स्वच्छतागृहाकडे वळले, तो तेही लाल, आणि भोवती त्या वेळी कोणी नाही. मग त्या मातबर पुरुषाने बोळातील एकेका यंत्रास कार्ड लावीत, विनवीत, दटावीत जाता जाता शेवटच्या यंत्रास लावले, आणि हिरवा दिवा लागला. अवघ्या दौलतीत त्यांस ओळखणारे ते एकच दार होते. आत तीन बादल्या, सहा झाडू आणि फिनेलचा डबा यांनी त्यांचे स्वागत केले. पुढे काय जाहले हे दप्तरी नोंद नाही. मात्र एक बादली त्या दिवसापासून कोणी वापरीत नाही.

साहेब बाहेर आले ते लालबुंद होऊन, आणि हेही त्या बाईचेच कारस्थान ऐसे जाहीर करून दालनात कारकुनांमध्ये बसले. ते ऐकताच शिक्केबहाद्दरांनी हातातील शिक्का खाली ठेविला. मावशी त्या वेळी खाली जिना पुसत होत्या, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. त्यांनी डबा उघडला, तो पोळीच्या पुडक्याखाली सूनबाईचा कागद निघाला. जेवण बाजूस ठेविले. पाच घरे आखिली. साहेबांचे पंधरा मांडिले: शून्य, एक, एक, एक, एक. चार दिवे लागलेले. त्यात एक मिळविला. शेवटच्या घरात एक आणि एक दोन. परंतु या मुलखात दोन हा आकडाच नाही, सबब तिथे शून्य मांडून हातचा एक पुढे न्यावा लागला. पुढील घरातही एक बसलेलाच. त्यासही विझवून हातचा पुढे. त्यापुढेही तेच. हातचा एक दिवे विझवीत विझवीत चालला, आणि शेवटी रिकाम्या घरात, म्हणजे झाडूच्या खोलीत, जाऊन ऐटीत बसला.

शिक्केबहाद्दर खुर्चीत मागे टेकले. शाळेत ज्यास 'हातचा विसरू नकोस' म्हणोन गुरुजींनी जीव की प्राण करून सांभाळायला लावले, तोच घरभेदी निघाला होता. बेरजेत प्रत्येक घर शेजाऱ्यास हातचा देते. उभ्या रेघेच्या मुलखात कोणी कोणास हातचा देत नाही, ज्याचे घर त्यापुरते. म्हणोन तिथे दिवा लागलेला तो लागलेलाच राहतो. मग त्यांनी मावशींचे तेवीस मांडिले, चार मिळविले, आणि तोच हातचा चाराच्या घरातून निघोन आठाच्या घरात शिरताना प्रत्यक्ष पाहिला. बेरीज बरोबर होती, आणि तिने काम उलटे केले होते. त्या दिवशी त्यांनी डबा तैसाच परत नेला.

शुक्रवारी दुसरी लढाई, ती निनावी फंक्शनशी. संध्याकाळी सूनबाईने सांगितले की याद्या काढायच्या तर यंत्रापाशी चाळण तयार असते. तिच्यात त्रेचाळीस कार्डे ओतायची, आणि कोणते ठेवायचे हे ठरविणारा एक तुकडा तिच्या हाती द्यायचा. तुकडा ऐसा: एक कार्ड घे, त्यात आठाचा दिवा लागला आहे का पाहा, होय की नाही ते सांग. इतके छोटे काम, एकदाच लागणारे. त्यास नाव कशास द्यावे, जागच्या जागी लिहून मोकळे व्हावे. ऐसे सांगून ती आपल्या कामाच्या बैठकीस दुसऱ्या खोलीत गेली.

शिक्केबहाद्दरांनी दिव्यांपुढे शरणागती पत्करली होती, परंतु नावाचा किल्ला अजून लढत होता. ज्यास नाव नाही त्याच्या हाती कचेरीची कार्डे द्यावी कशी? उद्या तो कुठे गेला, कोणी विचारले तर काय सांगावे? सबब त्यांनी पाच दारांसाठी पाच तुकडे लिहिले आणि कचेरीच्या रिवाजाप्रमाणे पाचांसही एकच नाव दिले: तपासणी. कचेरीत तपासणीचा प्रत्येक कागद 'तपासणी' याच मथळ्याखाली निघतो, आणि कोणती तपासणी ते समासात लिहितात. यांनीही समासात पहिली, दुसरी, तिसरी ऐसे सुवाच्य लिहिले. यंत्र समास वाचीत नाही. एकाच नावाचे पाच तुकडे दिसताच त्याने पहिला टाकून दुसरा घेतला, दुसरा टाकून तिसरा, आणि शेवटी एकटा पाचवा, झाडूच्या खोलीचा, गादीवर राहिला. पाचही दारांच्या याद्या त्याच एकाने काढिल्या. प्रत्येक यादीत दोनच कार्डे निघाली, साहेबांचे आणि मावशींचे. शिक्केबहाद्दरांनी न वाचताच पाचांस अनुक्रमांक घातले.

सूनबाई बैठक आटपून आली, याद्या पाहिल्या, आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, यानुसार ऑफिसच्या मुख्य दारातून फक्त साहेब आणि मावशी येतात. बाकीचे एकेचाळीस जण खिडकीतून येतात का?"

शिक्केबहाद्दरांनी याद्या पुन्हा वाचिल्या. मग समासाकडे पाहिले, मग पाच तपासण्यांकडे पाहिले, आणि ज्या नावांच्या बळावर एकतीस वर्षे राज्य केले ती नावे एकमेकांच्या उरावर बसलेली त्यांस दिसली. नाव दिल्याने कोणी ओळखला जातोच ऐसे नाही, हे ध्यानी आले. पाणी प्याले. मग एकेक तपासणी खोडली, आणि प्रत्येक चाळणीच्या हाती तिचा तिचा निनावी तुकडा जागच्या जागी लिहून दिला.  याद्या निघाल्या. मुख्य दरवाजा बेचाळीस, साहेब सोडून सर्व. दालन बेचाळीस. स्वच्छतागृह एकेचाळीस. खास कक्ष एक, मावशी. झाडूची खोली दोन. पाचही तुकडे आपले काम करून नाहीसे जाहले, आणि कोणाचे काही बिघडले नाही.

आता शेवटचा रकाना उरला: फेरफार करणाराचे नाव. आणि इथे बखरकारास लाज वाटते, तरी लिहिणे भाग आहे. जो गृहस्थ टाचणीच्या डबीसही नाव दिल्याशिवाय जेवत नसे, त्यास या एका रकान्यात नाव नकोसे जाहले. त्याने लिहिले, "तांत्रिक कारणास्तव बेरीज झाल्याचे आढळून येते." कोणी केली, ते नाही. जाहली. पावसासारखी आपोआप जाहली. निनावी फंक्शनवर भर वर्गात निषेध करणारा वीर निनावी चुकीवर मात्र भाळला, आणि कागद पिशवीत घालून सुखाने झोपी गेला. दुसरे कोणाचे नाव निघाले नाही तर फर्मानाप्रमाणे काय व्हायचे, हे त्यास ठाऊक होते. ते त्याने मनाच्या समासात लिहिले.

शनिवारी अकराच्या सुमारास मावशी आवक-जावकेच्या टेबलापाशी आल्या. हातात कार्ड, खांद्यास पिशवी, पिशवीत घरची चप्पल आणि डबा. बारा वाजेस्तोवर थांबून अपमान करून घेण्यापेक्षा आपणच द्यावे, ऐसा त्यांचा विचार होता. कार्ड टेबलावर ठेविले आणि म्हणाल्या, "पोच द्या, भाऊसाहेब."

पोच म्हटल्यावर शिक्केबहाद्दरांचा हात आपोआप पुस्तकाकडे गेला. कार्ड जमा, तारीख, वेळ. आणि पुढचा रकाना 'कारण'. लेखणी तिथे थांबली. मावशी वाकून पाहत होत्या. म्हणाल्या, "कारण काय लिहिताय ते मला वाचून दाखवा. घरी विचारतील."

शिक्केबहाद्दरांनी पोचपुस्तक मिटले. मावशींस बसा म्हणाले. त्या टेबलापाशी सफाईवाल्यांस खुर्ची देण्याचा रिवाज नव्हता, म्हणोन त्या उभ्याच राहिल्या. तेव्हा ते स्वतः उठले आणि आपली खुर्ची पुढे केली. मग उभ्या उभ्या अहवाल काढिला, शेवटच्या रकान्यातील ओळ खोडली, आणि तिथे आपले नाव, वडिलांचे नाव, आडनाव, हुद्दा व टेबल क्रमांक लिहून खाली लिहिले की बेरीज करायची नव्हती, ती मी केली. शिक्का मारिला.  अहवाल घेऊन साहेबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, दोन्ही चुका माझ्या आहेत. मावशींचा काही संबंध नाही." एकतीस वर्षांत त्या मुखातून ऐसे वाक्य प्रथमच निघाले, सबब साहेबांस ते दोनदा ऐकावे लागले.

साहेबांनी अहवाल पाहिला, त्यातले अक्षर कळले नाही, आणि न कळलेल्या गोष्टीवर रागावणे धोक्याचे असते म्हणोन मान डोलावली. मग त्यांच्यासमक्ष शिक्केबहाद्दरांनी उभी रेघ चालविली. मावशींच्या सत्तावीसास चार, जाहले एकतीस. साहेबांच्या सोळास पंधरा, जाहले एकतीस. दोघांचे आकडे सारखे पाहून साहेबांनी भुवया चढविल्या. रेघेने दिवा लावता येतो, विझविण्याचा धडा सूनबाईने अजून दिला नाही, ऐसे शिक्केबहाद्दरांनी अदबीने विदित केले. साहेबांनी नाकावरचा चष्मा सारखा केला, तोच, जो कोचाखालून निघाला होता, आणि निर्णय दिला की असू द्यावे.

येणेप्रमाणे शनिवारी दोन प्रहरी मोहीम फत्ते जाहली. हातचा एक रंगेहाथ सापडला. बेरजेस कार्डांच्या मुलखातून हद्दपार केले. उभी रेघ बहाल जाहली. पाच निनावी तुकडे कामी आले, त्यांची नावे ठाऊक नाहीत. थोरल्या साहेबांस झाडूची खोली कायम मिळाली. शिक्केबहाद्दरांस लेखी ताकीद मिळाली, जी नियमाप्रमाणे त्यांच्याच टेबलावर आली, आणि तिजला त्यांनीच आवक क्रमांक टाकून सुबक शिक्का मारिला. मावशींस नोकरी परत मिळाली, आणि शिवाय यापुढे खास कक्षाची सफाईही त्यांनीच रोज करावी ऐसा हुकूम मिळाला. दिलगिरीचा कागद निघाला नाही, कारण त्याचा नमुना कचेरीत उपलब्ध नव्हता.

मग मावशी पिशवी ठेवून बादली घेऊन स्वच्छतागृहापाशी गेल्या, कार्ड लावले, हिरवा दिवा लागला आणि दार उघडले. आत सोमवारपासूनची सर्व घाण तैशीच पडली होती. त्या दाराचा दिवा आठवडाभर एकेचाळीस कार्डांवर लागलेला होता.